८८व्या स्तोत्रावर घासून पाहिलेलं एक ऑडिओ बायबल

बायबलचं नवं अ‍ॅप, नवी आवृत्ती किंवा नवं रेकॉर्डिंग हाती आलं की मी आधी स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या १५० स्तोत्रांच्या पुस्तकातलं, ८८वं स्तोत्र काढते. बाकीचे लोक २३वं काढतात. पण २३वं कुणीही वाचलं तरी बरंच वाटतं. मेंढपाळ, हिरवी कुरणं, संथ पाणी, त्यात बिघडवायला जागाच नाही. ८८व्यात मात्र वाचणाऱ्याची, छापणाऱ्याची आणि हल्ली अ‍ॅप बनवणाऱ्याचीही परीक्षा होते. ते ज्याला झेपलं त्याला उरलेली १४९ जड जात नाहीत. तेव्हा हे परीक्षण बरंचसं एकाच स्तोत्राभोवती फिरणार आहे. ज्यांना फक्त तारे बघायचे आहेत त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. मला जाहिरात करायची नाही आणि कुणाच्या पोटावर पायही द्यायचा नाही. संपूर्ण बायबल मराठीत वाचून दाखवणारं अ‍ॅप आहे. वाचणारे आवाज दोन, एक बाईंचा आणि एक पुरुषाचा. मागे संगीत लावता येतं, झोपेचा टायमर आहे, रोजचं वचन येतं, आणि ‘आज मन कसं आहे?’ असं विचारून त्यानुसार वचनं काढून देणारा एक विभाग आहे. बोलून हुकूम सोडायचीही सोय आहे. मी ते मुख्यतः या शेवटच्या सोयीसाठी घेतलं.

कारण माझे हात. विशी गाठायच्या आतच मला आमवात लागला, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते असा हा आजार. बोटं करंगळीच्या दिशेला कललीत, मूठ पुरती वळत नाही आणि तळवाही पुरता उघडत नाही. जाडजूड बायबल हातात धरून वाचणं केव्हाच सुटलं. पलंगावर टेकून मांडीवर उशी, उशीवर ग्रंथ, आणि पान उलटायला मनगटाची कड, हा उद्योगही करून झाला. बायबलची पानं किती पातळ असतात ते ज्यांनी कोपराने उलटायचा प्रयत्न केलाय त्यांनाच ठाऊक. त्यामुळे कानाने वाचणं ही माझ्यासाठी हौस नव्हे, गरज आहे. आणि हे परीक्षण माझ्यासारख्याच हातांच्या माणसांसाठी आहे, असं समजा.

आधी सरळ गोष्टी उरकते. वाचन सुरू करायचं बटण मोठं आणि पडद्याच्या मधोमध आहे, बोटाच्या पेराने नाही तर अंगठ्याच्या सांध्याने दाबलं तरी चालतं. शाबास. टायमर मात्र बारीक गोल चकती फिरवून लावावा लागतो. ती चकती ज्याने काढली त्याचे सांधे देव असेच सलामत ठेवो. डाउनलोड केलं की नेट नसतानाही चालतं. वेग कमी-जास्त होतो, पण कमी केला की बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. मजकूर सोबत सरकतो, चालू ओळ पिवळी होते. ठीक.

बोलून हुकूम द्यायच्या सोयीची एक गंमत. “अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच” म्हटलं की दर दोन-चार वेळांमागे एकदा ते अठ्ठ्याण्णवावं लावतं. सकाळी आवाज जड असतो तेव्हा तर हमखास. आणि ९८वं म्हणजे परमेश्वराला नवं गीत गा, कर्णे वाजवा, समुद्राने गर्जना करावी, नद्यांनी टाळ्या वाजवाव्यात! पहाटे बोटं लाकडासारखी आखडलेली असताना मला नद्यांच्या टाळ्या ऐकाव्या लागतात. पहिल्यांदा संताप आला, आता हसू येतं. आमच्या अंकांच्या नावांनी शाळेतल्या पोरांना रडवलं, त्यांच्यापुढे यंत्र ते काय टिकणार. पण अ‍ॅपवाल्यांनी निदान ‘हेच का?’ असं एकदा विचारायला लावावं.

आता स्तोत्राकडे येते. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

स्तोत्रसंहितेत रडगाऱ्हाणी पुष्कळ आहेत. लोकांना वाटतं तिथे सगळी स्तुतीच असेल, पण बघायला गेलं तर देवाशी भांडणारी, त्याला जाब विचारणारी स्तोत्रं पावलोपावली भेटतात. त्यांची एक चाल ठरलेली असते. सुरुवातीला आक्रोश, मधे शत्रूंचं वर्णन, मग कुठेतरी एक वळण, आणि शेवटी भरवसा किंवा स्तुती. १३वं स्तोत्र बघा. “कुठवर, परमेश्वरा?” असं विचारत सुरू होतं आणि अवघ्या सहा वचनांत गाण्यावर येऊन संपतं. २२वं तर प्रभू येशूने वधस्तंभावर उच्चारलेलं, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” पण तेही पुढे वळतं, मंडळीत तुझी स्तुती करीन म्हणतं. ३९वं बऱ्यापैकी उदास संपतं, हे मान्य. पण ८८व्यासारखं दुसरं नाही. त्यात १८ वचनं आहेत आणि वळण येतच नाही. जिवलगांना आणि सोबत्यांना तू माझ्यापासून दूर केलंस, माझ्या ओळखीचा म्हणून आता अंधारच उरलाय, असं म्हणून ते थांबतं. पुढे काही नाही.

आणि मधे काय काय म्हटलंय! माझं जीवन अधोलोकाच्या दाराशी येऊन टेकलंय. मला मेलेल्यांत सोडून दिलंय, ज्यांची तुला आठवणही उरलेली नाही अशांत. तूच मला खोल खड्ड्यात टाकलंस, तुझ्या लाटांनी तूच मला बुडवलंस. सगळं ‘तू’. शत्रूचं नाव नाही, पापाची कबुली नाही, सैतानाचा उल्लेख नाही. सरळ देवाकडे बोट. मग प्रश्नांची सरबत्ती: मेलेल्यांसाठी तू चमत्कार करणार का? मेलेले उठून तुझं स्तवन करणार का? कबरेत तुझी दया कोण सांगणार? म्हणजे, देवा, मी मेलो तर तुझी स्तुती करणारा एक जण कमी होईल, याचा हिशेब केलायस का? घासाघीस करण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

माझं वचन १५वं. तारुण्यापासून मी पीडित आहे, मरणाच्या पंथाला लागलेला आहे, असं तो माणूस तिथे म्हणतो. आजारपणात लोक भेटायला येतात तेव्हा बरं होण्याची वचनं आणतात. कुष्ठरोगी बरा झाला, पक्षाघाती उठून चालायला लागला, रक्तस्रावी बाई वस्त्राला शिवली आणि बरी झाली. खरी आहेत ती सगळी, माझा विश्वास आहे त्यांवर. पण ज्याचं दुखणं तरुणपणी लागलं आणि म्हातारपणापर्यंत सोबत करणार आहे, त्या माणसाचा फोटो सगळ्या पवित्र शास्त्रात मला इथेच सापडला. तो बरा झाला असं कुठेही लिहिलेलं नाही. तो गप्प बसला असंही लिहिलेलं नाही.

आणि ९वं वचन. दररोज मी तुला हाक मारतो, तुझ्यापुढे हात पसरतो. उपासनेत सगळे हात वर करतात तेव्हा माझे अर्धवट मिटलेले पंजे वर जातात. लहान मुलं वळून बघतात, त्यांचं काही चुकत नाही. हे वचन ऐकताना मी मुद्दाम हात मांडीवर उताणे ठेवते, जमतील तेवढे उघडून. मधलं बोट आणि अनामिका आतच वळलेली राहतात. पसरलेले हात कसे दिसायला हवेत याची अट स्तोत्रात घातलेली नाही, हे मी नीट तपासून घेतलंय.

या माणसाचं नाव हेमान. स्तोत्राच्या मथळ्यावर ते आहे: कोरहाच्या पुत्रांचं गीत, मुख्य गवयासाठी, हेमान एज्राही याचं. आणि इथे अ‍ॅपवरची माझी पहिली मोठी तक्रार येते. हे अ‍ॅप मथळे वाचतच नाही! पडद्यावर ते बारीक राखाडी अक्षरांत दिसतात, पण दोन्ही आवाज थेट पहिल्या वचनापासून सुरू करतात. कुणीतरी ठरवलं असणार की मथळा म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचं लेबल, ते काय वाचायचं. पण हिब्रू बायबलात हा मथळा स्तोत्राचा भाग धरून वचनांचे आकडे घातले जातात, म्हणून तिथे या स्तोत्रात १९ वचनं होतात. आणि ८८व्याच्या बाबतीत तर मथळा कापणं म्हणजे गोष्टीचा निम्मा भाग कापणं.

का ते सांगते. कोरह कोण? बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध बंड करणारा. त्याच्या गटाखालची जमीन दुभंगली आणि ती माणसं जिवंतपणी अधोलोकात गेली, असं तिथे लिहिलंय. दहा अध्याय पुढे, २६व्यात, वंशावळींच्या रुक्ष यादीत एक छोटंसं वाक्य येतं: कोरहाचे पुत्र मात्र मेले नाहीत. त्यांचीच पुढची पिढी मंदिरात गाणारी झाली. आता त्या घराण्याच्या तोंडून “तू मला सगळ्यात खोल खड्ड्यात टाकलंस” हे ऐका. ज्यांच्या घरात खड्ड्याची आठवण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, ती माणसं गातायत. मथळा न वाचता हे कसं कळायचं?

आणि हेमान. बायबलमधल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकात याच नावाचा एक गायक आहे, दावीद राजाच्या काळातला. पितळी झांजा वाजवणाऱ्या तिघांत तो होता, त्याला १४ मुलगे आणि ३ मुली होत्या, आणि ती सगळी परमेश्वराच्या घरात गाणं-बजावणं करत. तोच हा की नावाचा दुसरा कुणी, यावर अभ्यासकांत दुमत आहे. मला आपलं तोच असावा असं वाटतं. झांजा बडवणारा, घर भरलेलं, दिवसभर स्तुतिगीतं, आणि घरी आल्यावर हे. चर्चच्या मंडळीत असे लोक मी पाहिलेत. गायनसंघात पहिल्या रांगेत उभे असतात.

दुसरी मोठी तक्रार संगीताची. अ‍ॅप उघडलं की संगीत आपोआप चालू असतं. पियानो, त्याखाली व्हायोलिनचा लांब सूर, मधूनच पक्ष्यांची किलबिल. २३व्याला शोभतं. पण तेच संगीत सगळ्या १५० स्तोत्रांना लावलंय! “तुझा कोप माझ्यावर जड झालाय” आणि मागे पक्षी. खरी पंचाईत पुढे आहे. १८वं वचन जवळ येतं तसतसा व्हायोलिनचा सूर वर चढत जातो आणि शेवटच्या शब्दावर एक गोड, समाधानी तान येऊन मिटते. ज्या स्तोत्राने मुद्दाम शेवट केला नाही त्याला संगीतकाराने परस्पर शेवट करून दिला. शब्द म्हणतात अंधार, पियानो म्हणतो सगळं ठीक आहे. संगीत बंद करता येतं, पण अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की ते पुन्हा चालू झालेलं असतं.

त्यानंतर दोनेक सेकंदांत ८९वं सुरू होतं. “परमेश्वराच्या दयेची गाणी मी सर्वकाळ गाईन.” अंधार हा शब्द कानातून उतरायच्या आत! मला हे दर वेळी कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटतं.

इथे थोडं न्यायाने बोलायला हवं. ८८ आणि ८९ शेजारी ठेवले ते अ‍ॅपने नाही. स्तोत्रसंहिता पाच भागांत विभागलेली आहे आणि ही दोन्ही तिसऱ्या भागाची शेवटची स्तोत्रं. ८८व्यात प्रश्न येतो, तुझी दया कबरेत कोण सांगेल? आणि ८९वं उघडतंच दयेच्या गाण्याने. ज्याने कुणी हा क्रम लावला त्याने डोळे मिटून लावलेला नाही. शिवाय ८९वं दिसतं तितकं गोडही नाही. ५२ वचनांपैकी ३७ झाली की तेही बिनसतं, दाविदाचा मुकुट तू धुळीत टाकलास म्हणून देवालाच विचारायला लागतं, कुठवर? पण वाचताना आपण दोन स्तोत्रांच्या मधे थांबू शकतो. पान तसंच उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसू शकतो. यंत्राला हे थांबणं शिकवावं लागतं, आणि इथे कुणी शिकवलेलं नाही.

जुन्या ख्रिस्ती मंडळीला हे चांगलं कळत होतं. ऑर्थोडॉक्स परंपरेत पहाटेच्या उपासनेत रोज सहा स्तोत्रं वाचतात: ३, ३८, ६३, ८८, १०३ आणि १४३. दिवे मंद करतात, लोक उभे राहतात, कुणी हलत नाही, आणि एकच जण संथपणे वाचतो. म्हणजे हे स्तोत्र तिथे वर्षातून एकदा नव्हे, जवळपास रोज. कॅथलिक लोकांच्या नेमाच्या प्रार्थनांत ते शुक्रवारी रात्री झोपण्याआधी येतं. अँग्लिकनांच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात ते उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संध्याकाळी नेमलेलं आहे. शुक्रवारी का, हे विश्वासणाऱ्याला सांगावं लागत नाही. गेथशेमानेच्या बागेत सगळे शिष्य येशूला सोडून पळाले. दुपारी तीन तास देशभर अंधार पडला. त्याच्या ओळखीचे सगळे दूर उभे राहून बघत होते, असं शुभवर्तमानकार लूक लिहितो. हेमानाचं शेवटचं वचन घ्या आणि वधस्तंभाच्या पायथ्याशी नेऊन वाचा. संत ऑगस्टीननेही हे स्तोत्र प्रभूच्या दुःखसहनाचं म्हणून वाचलेलं आहे. मला त्याने एवढं दिलं की मी जेव्हा ही १८ वचनं म्हणते तेव्हा ती आधी कुणीतरी जगून गेलेला आहे, माझ्या तोंडून म्हणायला तो लाजत नाही.

आमच्या मंडळीत शास्त्रवाचन करायची पाळी माझ्यावर बऱ्याचदा येते. हात चालत नसले तरी आवाज चालतो. एका उत्तम शुक्रवारी पाळकांची परवानगी घेऊन मी २२व्याच्या जागी ८८वं वाचलं. शेवटचं वचन झालं आणि मी थांबले. कुणी ‘आमेन’ म्हणेना. बाके करकरली, एक बाळ ओरडलं. उपासना संपल्यावर एक काका जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, पुढचं पान राहिलं का?” मी म्हटलं, काका, पुढचं पान नाहीये. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं माझंच असं होतं.” त्यांच्या पत्नीला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

म्हणून मला ‘आज मन कसं आहे?’ हा विभाग खटकतो. ‘दुःखी’ दाबलं की ३४व्या स्तोत्रातलं भग्नहृदयी लोकांचं वचन येतं, आणि ३०व्यातलं, रात्री रडणं असलं तरी सकाळी हर्ष होतो. सुंदर वचनं आहेत, कुणाचं दुमत असायचं कारण नाही. पण आमवाताच्या रोग्याला सकाळ हाच दिवसाचा सगळ्यात वाईट भाग असतो. झोपेत सांधे आखडतात, उठल्यावर तासभर तरी बोटं सुटत नाहीत. ब्रशला टूथपेस्ट लावणं हे पराक्रमाचं काम. माझ्या सकाळीला लागू पडतं ते ८८व्यातलं १३वं वचन, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. हर्ष येतो असं नाही म्हटलेलं. प्रार्थना येते, एवढंच. आणि पुढच्याच वचनात, मग तू माझा त्याग का करतोस? मी ‘दुःखी’ दाबून दाबून पाहिलं, त्या विभागाने ८८वं मला एकदाही दिलं नाही. ‘रोजचं वचन’ मधेही मला ते कधी दिसलं नाही. तिथे यिर्मया २९:११ मात्र सारखं येतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. त्याच्या आदल्याच वचनात बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढायची आहेत असं लिहिलंय, ते कधी येत नाही. बायबलमधल्या दुःखाने गांजलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगलेच होते. बोलायला लागले तिथे घोटाळा झाला. या विभागाला ते पहिले सात दिवस माहीतच नाहीत.

आता कौतुक, कारण ते मनापासून आहे. बाईंचा आवाज. कोण आहेत माहीत नाही, अ‍ॅपमध्ये नाव दिलेलं नाही, द्यायला हवं होतं. पुरुषाचा आवाज ८८वं वाचताना रडवेला होतो, दम लागल्यासारखं करतो, ‘अंधार’ म्हणताना तर कुजबुजतो. नाटक चांगलं आहे, पण नाटक आहे. बाई तसं काही करत नाहीत. तक्रार लिहून आणलेल्या माणसासारख्या सरळ, न थांबता, न अडखळता वाचतात. “मेलेल्यांसाठी तू चमत्कार करणार का?” हा प्रश्न त्या खरोखर प्रश्नासारखा विचारतात, उत्तराची वाट बघत. या स्तोत्रात ‘सेला’ हा, थांबण्याची खूण मानला जाणारा हिब्रू शब्द दोनदा येतो, ७व्या आणि १०व्या वचनांच्या शेवटी. बाई तो उच्चारत नाहीत, पण दोन्ही ठिकाणी बरोबर थांबतात. संगीत बंद असेल तर त्या थांब्यात त्यांचा श्वास ऐकू येतो. ‘सकाळी’ या शब्दावर किंचित जोर देतात, आणि तो जोर मला कुठल्याही मनोगतापेक्षा जास्त पटला. ज्यांनी हे वाचलं त्यांनी हे स्तोत्र आधी स्वतःसाठी वाचलेलं असणार, अशी माझी खात्री आहे.

याच बाईंनी ११९वंही वाचलंय, १७६ वचनांचं, सगळ्यात लांब. तिथे मात्र मला झोप लागते. दोष त्यांचा नाही.

तक्रारी मी अ‍ॅपवाल्यांना लिहून कळवल्या होत्या, बोलून टाइप करत. उत्तर नम्र आलं. मथळ्यांबद्दल ‘विचार करू’, संगीताबद्दल ‘बहुतेक वापरकर्त्यांना आवडतं’, आणि सोबत आश्वासनाच्या वचनांची एक यादी. त्यानंतरच्या अपडेटमध्ये ‘हे स्तोत्र संपल्यावर थांबा’ असा पर्याय मात्र आलाय. माझ्यामुळे आला असं म्हणत नाही, पण आला. तो सहज सापडत नाही, म्हणून लिहून ठेवते: सेटिंग्ज, मग ‘वाचन’, मग अगदी खाली ‘सलग वाचन’ बंद करायचं. एकदा बंद केलं की बंद राहतं. संगीत मात्र दर वेळी हाताने बंद करावं लागतं, वर उजव्या कोपऱ्यातल्या बारीकशा स्वरचिन्हावर. माझ्यासारख्यांनी ते रात्रीच, हात जरा सैल असताना करून ठेवावं आणि अ‍ॅप बंद न करता फोन तसाच बाजूला ठेवावा. मग पहाटे फक्त मधलं मोठं बटण दाबायचं. बोलून हुकूम देणार असाल तर “स्तोत्र आठ आठ” असं म्हणा, सुटे अंक त्याला नीट कळतात.

आवाजाला पाचपैकी पाच. सोयींना तीन. संगीताला एक, तोही २३व्यापुरता. मनाची चौकशी करणाऱ्या विभागाला काही देत नाही. एकूण साडेतीन धरा. पुढच्या अपडेटमध्ये बाईंच्या आवाजात मथळे आले तर मी स्वतः येऊन इथे साडेचार करीन, आणि हेमानाचं नाव नीट उच्चारलंय का तेही लिहीन.